मंडपमच्या छावणीतला बीकॉम

वैशाख पौर्णिमा झाल्यानंतरच्या रविवारी, 2025 च्या मे महिन्यात, आमच्या विहारातल्या मुलांच्या वर्गात संघमित्रेची गोष्ट चालली होती. सम्राट अशोकाची कन्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली, ती अनुराधापूरला लावली, ते झाड आजही आहे, हे सारे सांगून झाले. नववीत गेलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तिकडे बहुतेक सगळे बौद्धच आहेत ना? मग तिथून लोक होड्यांत बसून पळून का आले?"

"मोठी झालीस की कळेल," असे सांगून तिला खाली बसवता आले असते. पण प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प करायचे नाही, हा नियम आमच्या अंगठेबहाद्दर आईने घरात पाळला, तोच आम्ही विहारात पाळतो. शिवाय त्याआधी पाचच महिने आम्ही त्या पळून आलेल्यांपैकी दोघांशी चहा पीत दीड तास बोललो होतो. वर्गात वेळ थोडा होता, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आमच्या कर्मचारी संघटनेचे अधिवेशन 2024 च्या डिसेंबरात मदुराईला होते. आम्ही नाशिकहून सहा जण गेलो, सोबत आमच्या सौ. होत्या. धारावीचे एक सहकारी वाटेत आम्हाला येऊन मिळाले. ते मूळचे तिरुनेलवेलीकडचे. घरात तमिळ बोलतात आणि मराठी आपल्यासारखीच. अधिवेशन आटोपल्यावर एक दिवस हाताशी होता. रामेश्वरला अब्दुल कलामांचे स्मारक पाहू, पुढे धनुष्कोडीचा समुद्र पाहू, असे ठरले.

पांबनचा पूल लागण्याआधी, अलीकडच्या काठावर, मंडपम नावाचे गाव आहे. तिथे श्रीलंकेतून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी आहे. आत जायला सरकारी परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती. आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर थांबलो. बाकावर रंगाचे डाग पडलेली लुंगी नेसलेला तिशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. आमच्या सहकाऱ्यांनी तमिळमध्ये विचारपूस केली. तो छावणीतलाच निघाला, जन्मही छावणीतलाच, 1991 चा. घरे रंगवण्याचे काम करतो. मग आमच्याकडे वळून तो इंग्रजीत म्हणाला, "आय ॲम बीकॉम, सर."

आम्हीही बीकॉमच. तसे सांगितल्यावर तो मोठ्याने हसला. मग जमाखर्च, टॅली, कॉस्टिंगचा पेपर किती अवघड असतो, अशा गप्पा झाल्या. त्याचे मार्क आमच्यापेक्षा चांगले होते. त्याला पहिला वर्ग मिळालेला आणि आमची गाडी दुसऱ्यावरच अडलेली. तरी आम्ही कचेरीत खुर्चीवर आणि तो परक्याच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर. हा फरक बुद्धीचा नाही, कष्टाचाही नाही. तो एका कागदाचा आहे. त्या कागदाची कथा दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहे.

आपल्या वडिलांची पिढी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत मोठी झाली. सिलोनचा चहाही जगभर गाजला. तो चहा पिकवला कोणी? इंग्रजांनी लंकेच्या डोंगरांत आधी कॉफीचे आणि पुढे चहाचे मळे लावले. त्यासाठी तामिळनाडूच्या दुष्काळी जिल्ह्यांतून मजूर नेले. ते बहुतेक खालच्या मानलेल्या जातींचे, गावाबाहेरच्या वस्तीतले. त्यांना नेणाऱ्या मुकादमाला कंगाणी म्हणत. आधी उचल द्यायची, मग ती फिटेपर्यंत राबवायचे. आपल्याकडे ऊसतोड कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. सुरुवातीच्या काळात मन्नारच्या किनाऱ्यावर उतरवून त्यांना जंगलातून डोंगरापर्यंत पायी चालवत, वाटेत रोगराईने माणसे मरत. मळ्यात पोहोचले की राहायला एका रांगेतल्या खोल्या, त्यांना तिकडे 'लाइन' म्हणतात. पुढे या मजुरांना बोटीत बसवण्याआधी रोगांच्या भीतीने काही दिवस अडकवून ठेवण्याचा तळ होता, तो याच मंडपमला. आजोबांना जिथून पाठवले तिथेच नातवंडे निर्वासित म्हणून नोंदली गेली.

लंका 4 फेब्रुवारी 1948 रोजी स्वतंत्र झाली. त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला आणि मळ्यातल्या सुमारे सात लाख तमिळ मजुरांना नागरिकत्वातून वगळण्यात आले. लगेच त्यांचे मतही गेले. तेव्हा बंदूक चालली नव्हती, दंगल झाली नव्हती. एका कायद्याने सात लाख माणसे कोणत्याच देशाची राहिली नाहीत. यादवी युद्ध 1983 साली सुरू झाले असे पुस्तके सांगतात. आम्हाला विचाराल तर त्याची पहिली ठिणगी या 1948 च्या कागदात आहे.

त्यानंतर 1956 साली बंडारनायके सरकारने सिंहली हीच एकमेव राजभाषा केली. तमिळ कारकुनांपुढे प्रश्न पडला, उद्यापासून फाइलवर काय लिहायचे? पुढच्याच वर्षी बंडारनायके यांनी तमिळ पुढारी चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला होता. 1958 च्या एप्रिलमध्ये काही भिक्खू पंतप्रधानांच्या घरापुढे ठिय्या देऊन बसले आणि तो समझोता रद्द करवूनच उठले. दीडच वर्षात, 1959 साली, बंडारनायके यांचा खून झाला. गोळी झाडणारा चीवर पांघरलेला होता.

हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. ज्या देशाने तिपिटक जपून ठेवले, ज्या देशात बाबासाहेब 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेला गेले, ज्याच्या बोधिवृक्षाचे चित्र आमच्या विहाराच्या भिंतीवर आहे, त्याच देशाची ही हकिकत आहे. पण लपवून काय साधणार? चीवर अंगावर आले म्हणजे मनातला वंशाचा आणि जातीचा अहंकार गेलाच, असे होत नाही. तिथल्या सियाम निकायात आजही गोयिगम या वरच्या जातीच्याच मुलाला उपसंपदा मिळते, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

1964 च्या ऑक्टोबरात शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंडारनायके यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यायची, तीन लाखांना लंकेने नागरिकत्व द्यायचे, उरलेल्या दीड लाखाचे नंतर बघू. ती 1974 साली निम्मी निम्मी वाटली गेली. गोदामातल्या मालासारखी माणसांची विभागणी झाली.

टपरीवाल्याने पोराला पाठवून रंगाऱ्याच्या आईला बोलावले. पासष्टीच्या बाई, पातळ चापूनचोपून नेसलेल्या. आमच्या सौ.च्या शेजारी बसल्या. आमचे सहकारी मध्ये बसून दोन्हीकडचे सांगत होते.

बाईंचा जन्म हॅटनजवळच्या चहाच्या मळ्यातला. थोरला भाऊ करारानुसार 1975 साली तलैमन्नारच्या बोटीने भारतात आला. करारानुसार परतलेल्यांसाठी तामिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे मळे काढले होते, त्यांत त्याला काम मिळाले. तो भारताचा नागरिक झाला. वडिलांनीही भारताचे नागरिकत्व मागितले होते, अर्ज पडून होता. तेवढ्यात 1977 ची दंगल झाली. लाइन जाळली, कागद जळाले. कुटुंब डोंगर सोडून उत्तरेला वावुनियाच्या रानात जाऊन वसले. तिथे तमिळ वस्ती आहे, तिथे कोणी मारणार नाही, एवढाच विचार.

पण युद्ध नेमके तिथेच आले. 1981 च्या जूनमध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले, सुमारे 97 हजार पुस्तके खाक झाली. ज्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो पुस्तकासह असतो त्यांना याचा अर्थ सांगायला नको. 23 जुलै 1983 ला तमिळ वाघांनी, म्हणजे प्रभाकरनच्या एलटीटीईने, 13 सैनिक मारले. त्याचा सूड कोलंबोतल्या तमिळांवर उगवला. गुंडांच्या हाती मतदारयाद्या होत्या, घर शोधून जाळायला. वेलिकडाच्या तुरुंगात दोन दिवसांत 53 तमिळ कैदी मारले गेले. त्याच काळात कितीतरी सिंहली शेजाऱ्यांनी तमिळ कुटुंबांना घरात लपवले, हेही लिहिले पाहिजे. त्याच आठवड्यापासून होड्या रामेश्वरकडे निघाल्या.

वाघांनीही काही कमी केले नाही. 1985 च्या मे महिन्यात त्यांनी अनुराधापुरात बोधिवृक्षाच्या परिसरापर्यंत घुसून 146 निरपराध माणसे मारली. 1987 च्या जूनमध्ये अरंतलावा येथे बस अडवून 33 भिक्खू कापले, त्यात बहुतेक श्रामणेर पोरे. 1990 च्या ऑक्टोबरात उत्तरेतल्या सत्तर हजारांवर मुसलमानांना हाकलून दिले, जाफन्यात तर आवरायला दोन तास दिले. ती माणसे पुत्तलमकडे छावण्यांत राहिली. त्यांची बोली तमिळच. तेव्हा हा सिंहली विरुद्ध तमिळ किंवा बौद्ध विरुद्ध हिंदू असा सरळ हिशेब नाही. ज्याच्या हाती बंदूक, त्याच्या समोरचा प्रत्येक गरीब माणूस निर्वासित.

आमच्या सौ.नी बाईंना विचारले, "तुम्ही नेमक्या कोणापासून पळालात?"

बाई म्हणाल्या, "सगळ्यांपासून. दिवसा सैन्य विचारायचे, पोरे कुठे आहेत? रात्री पोरे विचारायची, सैन्याला काय सांगितले?"

1990 च्या जूनमध्ये युद्ध पुन्हा भडकले तेव्हा त्या नवरा आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन मन्नारच्या किनाऱ्यावर आल्या. कानातले विकून होडीचे पैसे भरले. पोर रडले तर नौदलाला आवाज जाईल म्हणून झोपेचे औषध पाजले. तीसेक किलोमीटरचा समुद्र, रात्रीचा काळोख. पहाटे होडीवाल्याने कमरेएवढ्या पाण्यात उतरवले आणि म्हणाला, हीच इंडिया, चालत जा. उजाडल्यावर पाहतात तो चारी बाजूंनी समुद्र. वाळूचा एक उंचवटा, झाड नाही, प्यायला पाणी नाही. पोर अजून झोपलेलेच. "मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते," बाई म्हणाल्या. दुपारी मच्छीमारांनी पाहिले आणि काठावर आणले. ती मुलगी आज दुसऱ्या छावणीत नांदते, तिला दोन मुले आहेत.

मंडपमला नावे लिहिली गेली. निलगिरीतला भाऊ भेटायला आला. एका आईची दोन लेकरे, एक भारतीय नागरिक आणि दुसरी श्रीलंकन निर्वासित. फरक इतकाच की भाऊ तिकीट काढून बोटीने आला आणि बहीण काळोखातून होडीने.

येथे थोडे विषयांतर करतो. 1987 च्या करारानंतर आपले शांतिसेनेचे जवान लंकेत गेले. त्यांत महार रेजिमेंटही होती. 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, 25 नोव्हेंबर 1987 रोजी वाघांशी लढताना कामी आले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आमच्या वस्तीतले एक निवृत्त हवालदार तिथे होते. महार रेजिमेंटच्या शौर्याबद्दल ते तासन् तास बोलतील, पण लंकेचे नाव निघाले की पान लावायला घेतात. एकदाच म्हणाले होते, "तिथली म्हातारी माणसं आमच्याकडे बघायची ना, तसं कुणी बघू नये." शांतिसेनेचे सुमारे 1200 जवान परतले नाहीत, आणि तिथल्या साध्या माणसांनी आपल्याही गोळ्या सोसल्या. असो.

21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदुरला राजीव गांधींची हत्या झाली. मारणारे वाघ होते, पण संशय साऱ्या छावण्यांवर आला. हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. काही वर्षे मुलांचे कॉलेजचे प्रवेश थांबले. 1992 ते 1995 या काळात सुमारे 54 हजार माणसांना परत पाठवले गेले. कागदोपत्री ते स्वखुशीने गेले. त्यातले काही पुन्हा होडीत बसून परत आले, कारण युद्ध चालूच होते. ते 2009 च्या मे महिन्यात मुल्लिवैक्कलच्या वाळूत संपले. शेवटच्या काही महिन्यांत 40 हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने 2011 साली म्हटले. वाघ लोकांना ढालीसारखे धरून बसले होते आणि सरकारने ज्यांना सुरक्षित क्षेत्र म्हटले तिथेच तोफा पडल्या. उरलेल्या जवळजवळ तीन लाखांना काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले.

बाईंना आम्ही विचारले, आता युद्ध नाही, परत जावेसे वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "कुठे? मळा मालकाचा. वावुनियाच्या रानाचा सातबारा नव्हता." सातबारा हा शब्द अर्थातच आमच्या सहकाऱ्यांचा, पण अर्थ बाईंचाच.

ज्याची जमीन होती, घर होते, त्याला परत जाण्याचा विचार तरी करता येतो. मळ्यातल्या माणसाचे तिथे काय होते? आणि जाफन्यातल्या उच्चवर्णीय तमिळांच्या दृष्टीने ही माणसे कोण होती? जाफन्यातही अस्पृश्यता होती. माविट्टपुरमच्या कंदस्वामी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 1968 साली तिथल्या दलितांना सत्याग्रह करावा लागला. आम्ही नाशिकची माणसे. काळाराम मंदिरापुढचा 1930 चा सत्याग्रह ऐकत वाढलो. अडतीस वर्षांनंतर समुद्रापलीकडे तेच दार आणि तेच कुलूप. युद्धात सगळे तमिळ एकच होते, असे म्हणतात. होडीत ते खरे असेल. होडीत बसण्याआधी आणि उतरल्यावर नव्हते. ज्यांच्याजवळ पैसा होता ते विमानाने कॅनडा, इंग्लंड, जर्मनीला पोहोचले. छावणीत उरले ते रंगारी.

आता कायद्याचे सांगतो. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जो जन्मला तो जन्माने नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचा आईबापांपैकी एकजण तरी नागरिक हवा, आणि 2004 नंतर नियम आणखी कडक झाला. आमचा रंगारी मित्र 1991 चा, म्हणून बाहेर. 1987 च्या आधी जन्मलेल्यांनाही हक्क सहज मिळत नाही. एका बाईंना त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे 2024 च्या लोकसभेला त्यांनी आयुष्यात पहिले मत दिले. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान आहेत, श्रीलंका नाही. 2025 च्या मे महिन्यात एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातून, हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, अशी टिप्पणी झाली. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने एवढे केले की 9 जानेवारी 2015 पूर्वी आलेल्या आणि नोंद असलेल्या श्रीलंकन तमिळांवर पासपोर्ट नाही म्हणून खटला होणार नाही. शिक्षा टळली, नागरिकत्व नाही.

तामिळनाडू सरकारने चांगलेही केले आहे. 2021 साली 'निर्वासित छावणी' हे नाव बदलून 'श्रीलंकन तमिळ पुनर्वसन छावणी' केले, नवी घरे बांधायला घेतली, मासिक मदत वाढवली. कुटुंबप्रमुखाला 1500 रुपये, इतर मोठ्या माणसाला 1000, मुलाला 500. आम्ही कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. नवरा, बायको, दोन मुले, महिना 3500 रुपये. त्याखेरीज तांदूळ. शिक्षणाचे मोठे काम चेन्नईतल्या 'ऑफर' या संस्थेने केले. ती निर्वासितांनीच 1984 साली उभी केली, संस्थापक चंद्रहासन हे 1958 साली ज्यांचा समझोता रद्द झाला त्या चेल्वनायकम यांचेच चिरंजीव. छावण्यांतून हजारो पदवीधर झाले ते या शिकण्याच्या हट्टामुळे. पण सरकारी नोकरी नाही, बँकेची परीक्षा नाही. खासगी मालक विचारतो, हजेरीला छावणीत जावे लागते म्हणजे रजा किती लागेल?

1947 च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले होते. पाकिस्तान तिथल्या अस्पृश्यांना येऊ देत नाही, कारण घाण उपसायला ते हवेत, आणि जे येऊन पोहोचले त्यांच्याकडे इथल्या छावण्यांत कोणी पाहत नाही, अशी ती तक्रार होती. दोन वर्षांनी घटना समितीत त्यांनी सांगितले की नागरिकत्वाच्या कलमाने मसुदा समितीला जेवढी डोकेदुखी दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या कलमाने दिली असेल. ती डोकेदुखी कशाची, हे आम्हाला मंडपमच्या टपरीवर कळले. आमचा जातीचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईने पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. पावसाळ्यात घर गळायचे तेव्हा ती पेटी आधी उचलायची, मग पोरे. लहानपणी याचे हसू यायचे.

निघताना रंगाऱ्याने विचारले, "नाशिकला रंगकाम मिळेल का?" आम्ही म्हणालो, मिळेल, आमच्याच कॉलनीत तीन इमारतींचे निघाले आहे. दूर जायचे तर छावणीतून परवानगी काढावी लागेल, म्हणाला, अर्ज करून बघतो. आमच्या सौ.नी पर्समधून कागद काढून पत्ता लिहून दिला. त्याने तो घडी घालून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवला. त्या दिवशी छावणीत हजेरी होती. आईला हात धरून उठवत तो म्हणाला, "चला अम्मा, उशीर झाला तर नाव कापतील."